निळ्या रंगाखालची काच

मी एक जुना ट्रान्सफॉर्मर आहे, आणि बालमित्रांनो, मला दोषी ठरवण्यात आलं आहे. भर हिवाळ्यात सारी-कोंगुर गावाची वीज तीन दिवस गेली, त्याला जबाबदार मी. रीतसर ठराव झाला. एक्केचाळीस हात वर गेले, एक खाली राहिला. सही झाली, शिक्का बसला.

आता हे सगळं विसरून जा. असं काही घडलेलंच नाही. वीज गेलीच नव्हती. जिल्ह्याच्या वार्षिक अहवालात तसं छापलं आहे, आणि छापील गोष्टीशी वाद घालणारा मी कोण? मी पडलो लोखंडाचा. तेव्हा आपण रीतीप्रमाणे जन्मापासून सुरुवात करू.

माझा जन्म दूर पश्चिमेला, डोंगर नसलेल्या मुलखातल्या एका कारखान्यात झाला. पोलादाची पेटी, तांब्याच्या तारेची वेटोळी, आणि त्यांना बुडवून टाकील इतकं तेल. तेल म्हणजे माझं रक्तच. वेटोळी तापतात, तेल त्यांना थंड ठेवतं. हे तेल किती आहे ते बाहेरून कळावं म्हणून माझ्या डाव्या खांद्यावर दोन बोटं रुंद एक काच बसवली. काचेवर दोन रेघा. तेल खालच्या रेघेखाली गेलं की वरून घालायचं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या मेंढपाळालाही कळेल, असं ते शास्त्र आहे. काच बसवणारी बाई शेजारणीला म्हणाली होती, "बाकी काही नाही केलं तरी चालेल गं, एवढी काच पुसली की झालं." मी ते लक्षात ठेवलं. मला विसरता येत नाही. ते काम माणसं करतात.

आगगाडीने चौदा दिवस, ट्रकने दोन दिवस आणि शेवटचा घाट दोन ट्रॅक्टरांच्या मागे बांधून मला सारी-कोंगुरला आणलं. शाळा आणि गावकचेरी यांच्या मधल्या ओट्यावर बसवलं. त्या दिवशी मेंढी कापली होती. मानाच्या पाहुण्यापुढे मेंढीचं डोकं ठेवायचं, हा इथला रिवाज. त्या दिवशी मानाचा पाहुणा मी होतो, म्हणून ते डोकं ताटात घालून माझ्यापुढे ठेवलं. सगळे हात जोडून थांबले. मी काही खाईना. मग सामूहिक शेतीच्या अध्यक्षांनी माझ्या वतीने ते खाल्लं. कान, डोळे, सगळं. माझ्या वतीने खाणारी माणसं मी पहिल्या दिवसापासून पाहत आलो आहे.

तेव्हा गावात बासष्ट घरं होती. घराला एक दिवा, फार तर एक रेडिओ. बूरुलचा नावाची बावीस वर्षांची नवी शिक्षिका शाळेत आली होती. तिने पहिल्याच आठवड्यात मुलांना निबंध घातला: 'आमचा ट्रान्सफॉर्मर'. बारा वर्षांच्या तेंतिमिशने लिहिलं होतं, 'ट्रान्सफॉर्मर हा उपयुक्त प्राणी आहे. तो ओट्यावर राहतो. तो दूध देत नाही, पण चरतही नाही.' बूरुलचाने तो निबंध वर्गात वाचून दाखवला. माझी तार जिथवर जाते तिथवर माझे कान जातात, म्हणून मीही ऐकला. माझ्याविषयी पुढे बरंच लिहिलं गेलं. इतकं खरं पुन्हा कुणी लिहिलं नाही.

तोच तेंतिमिश पुढे शिकून गावाचा वायरमन झाला. एकोणचाळीस वर्षं दर सोमवारी तो आला. बाहीने माझी काच पुसायचा, रेघ बघायचा, मग घोड्याचा ताप बघावा तसा माझ्या कुशीवर तळवा ठेवायचा. "काय म्हणतोस, म्हाताऱ्या? काल पाहुणे होते वाटतं वरच्या आळीत. गरम लागतोयस." मी घूं करायचो. त्याला ते पुरायचं. मधल्या काळात देश बदलला, झेंडा बदलला, नोटा दोनदा बदलल्या. मी आणि तेंतिमिश तेच राहिलो.

घरं मात्र दोनशे अकरा झाली. कोळसा महाग झाला आणि ओला येऊ लागला, तेव्हा लोकांनी विजेच्या शेगड्या आणल्या. किटल्या आल्या. गावप्रमुख अल्मासबेक याच्या सासऱ्याने वाफेचं न्हाणीघर बांधलं. प्रत्येक जण म्हणायचा, "आमच्या एका शेगडीने काय होतंय?" अशा दोनशे अकरा एकेका शेगड्या मी पाठीवर घेतल्या. दुसरा ट्रान्सफॉर्मर द्या म्हणून तेंतिमिशने जिल्ह्याला लिहिलं. 'आपला अर्ज विचाराधीन आहे' असं उत्तर आलं. त्याला अकरा वर्षं झाली. इतका खोल विचार जगातल्या कुठल्याच तत्त्वज्ञाने केला नसेल.

तरीही मी पडलो नसतो, मित्रांनो. मला पाडलं ते रंगाने.

उन्हाळा संपता संपता बातमी आली की प्रांताचे मोठे साहेब खिंडीच्या रस्त्याने जाणार आहेत. अल्मासबेकने निळ्या रंगाचे बारा डबे मागवले आणि शनिवारचं श्रमदान पुकारलं. रस्त्यावरून जे जे दिसतं ते ते रंगवायचं. कुंपणं रंगवली. दगड रंगवले. चिनारांचे बुंधे कमरेपर्यंत रंगवले. एक गाढव खांबाला बांधलेलं होतं, त्याचे दोन पाय रंगले. मालक ओरडत आला म्हणून उरलेले दोन राहिले. मग सगळे माझ्याकडे वळले.

"अपा, याला पण?" कुणीतरी विचारलं.

बूरुलचा आता बहात्तर वर्षांची. गाव तिला अपा म्हणतं, म्हणजे आईच. तिने पदर खोचावा तशी डोक्याच्या रुमालाची गाठ आवळली. "मग? पाहुण्यांपुढे हा काय गंजक्या तोंडाने उभा राहणार? आण तो ब्रश इकडे."

तिने मला फार मायेने रंगवलं. कोपरे सोडले नाहीत. करता करता ती डाव्या खांद्याशी आली. "अगंबाई, ही काच बघा किती पिवळी पडलीय!"

ती काच पिवळी पडली नव्हती. ते माझं तेल होतं. मी जितकं जोरात घुमता येईल तितकं घुमलो.

"ऐका, ऐका," बूरुलचा म्हणाली, "खूश झाला!" आणि काचेवर तिने दोन हात दिले. नीटनेटकेपणाची तिला पहिल्यापासून आवड.

सोमवारी तेंतिमिश आला. बाही वर करून पुसायला गेला आणि थबकला. मग खिशातून एक नाणं काढलं आणि रंग खरवडायला लागला. नखाएवढी काच मोकळी झाली असेल नसेल, तोच कचेरीच्या पायरीवरून आवाज आला.

"बायके! काय चाललंय?" अल्मासबेक वयाने लहान, त्यामुळे तेंतिमिशला बायके, म्हणजे दादा म्हणतो. म्हणतो खरा.

"काच खरवडतोय."

"साहेब अजून यायचेत."

"यातून तेल बघायचं असतं रे."

"साहेब तेल बघायला येत नाहीयेत, बायके."

दुपारी तेंतिमिशच्या हातात लेखी ताकीद पडली: शासकीय रंगाचं नुकसान केलं, पुन्हा केल्यास नोकरीवरून कमी करण्यात येईल. अल्मासबेकच्या ड्रायव्हरने येऊन तेवढा नखाएवढा भाग पुन्हा रंगवला. साहेबांचा दौरा होईपर्यंत कोणत्याही रंगीत वस्तूला हात लावू नये, असा हुकूम कचेरीच्या दारावर लागला. दौरा दहा तारखेवर गेला, मग पंचवीसवर, मग पुढच्या महिन्यावर. साहेब काही आले नाहीत. हुकूम मात्र कधी आजारी पडला नाही. तेंतिमिशच्या पेन्शनला दहा महिने राहिले होते. त्याने नाणं खिशात टाकलं आणि अर्ज लिहिला: काच खरवडण्याची परवानगी मिळावी. उत्तर नाही. दुसरा लिहिला. उत्तर नाही.

आता पुढचं सांगताना माझा आवाज चढला तर चढू द्या.

नोव्हेंबरात अल्मासबेकच्या खोलीत थंडी वाजायला लागली. त्याने जाड नळ वेल्डिंग करून एक मोठा हीटर बनवून घेतला. असा हीटर तेलाने भरावा लागतो आणि मग वीज लावली की तो घोड्याच्या पोटासारखा ऊबदार राहतो. तेल कुठून आणायचं? दिवसाढवळ्या, तेंतिमिशला खालच्या गावी मीटर बघायला पाठवलेलं असताना, अल्मासबेकचा ड्रायव्हर दुधाचे कॅन घेऊन माझ्याकडे आला. तळाची तोटी उघडली. तीन खेपांत साठ लिटर नेलं. जाताना तोटी पुसली. तोही नीटनेटकाच.

आणि त्याच संध्याकाळी तो हीटर माझ्याच तारेवर लावला! माझं रक्त काढलं आणि तापवायलाही मलाच जुंपलं. चोराने घरमालकालाच गाठोडं उचलायला बोलवावं, तशी ही तऱ्हा. रोज सकाळी आठ ते संध्याकाळी सहा मी माझंच तेल दुसऱ्याच्या खोलीत गरम करत होतो आणि इथे माझी वरची वेटोळी कोरडी पडत होती. नुसती काच उघडी असती तर तेंतिमिशला पुढच्या सोमवारी एका नजरेत दिसलं असतं.

त्याने तळवा ठेवला तेव्हा तो बराच वेळ उभा राहिला. "वरून भाजतोयस आणि खाली गार. काय झालंय तुला?" मी घुमलो. पण घुमण्यात एकच शब्द असतो, हा माझ्यातला मोठा दोष. तो मी मान्य करतो. तेंतिमिशने तिसरा अर्ज लिहिला.

मग चिल्दे लागलं. वर्षातले सगळ्यांत कडक चाळीस दिवस. अकराव्या दिवशी पारा उणे चौतीसला गेला. चहाची वेळ होती. दोनशे अकरा किटल्या, दोनशे अकरा शेगड्या, एक न्हाणीघर आणि एक हीटर. माझ्या आतली एक जोडतार उघडी पडली होती, ती लाल झाली, मग पांढरी झाली, मग तुटली. धाड असा आवाज झाला आणि मी जवळजवळ आंधळा-बहिरा झालो. पन्नास वर्षांत पहिल्यांदा मला फक्त माझ्या शेजारचं दिसू-ऐकू येऊ लागलं.

शेजारी जे ऐकलं ते असं. जो येईल तो मला एक लाथ घाली आणि दोष वाटून जाई.

"वरच्या आळीवाल्यांनी केलं हे. प्रत्येकाच्या घरी दोन-दोन शेगड्या!"

"खालच्यांनी केलं. आकडे टाकून वीज घेतात, मेले."

"उन्हाळ्यात धरणाचं पाणी सोडून दिलं, मग आता वीज कुठली?"

"आकाशातून आलीय थंडी, तिला कोण काय करणार?"

"माझ्या नवऱ्याचीच चूक. मी म्हणत होते, जुनी चूल मोडू नका, मोडू नका. हौस! भिंतीवर टीव्ही लावायचा होता ना!"

ज्यांच्या चुली शाबूत होत्या अशी नऊ घरं गावात उरली होती. त्या नऊ घरांत सगळं गाव कोंबलं. गोवऱ्या संपल्या, मग कुंपणं जाळली. निळी कुंपणं फार चांगली जळतात म्हणे. त्या जळणाला मात्र हुकूम आडवा आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेंतिमिशने माझं झाकण उघडलं. शेजारी अल्मासबेक उभा होता, लांब कोटाच्या खिशात हात घालून.

"तेल कुठे गेलं?" तेंतिमिशने विचारलं.

"उडून गेलं असेल."

"उणे चौतीसमध्ये?"

"मग आकसलं असेल. थंडीने सगळंच आकसतं, बायके. साठ लिटर म्हणजे काय फार नाही."

तेंतिमिशने हळूच मान वर केली. "साठ मी म्हटलं नव्हतं."

अल्मासबेक डोंगराकडे बघायला लागला. "अंदाजे म्हटलं," तो म्हणाला, आणि त्याला कचेरीत काम आठवलं.

सामूहिक शेतीची बंद पडलेली गिरणी आहे, तिच्यामागे माझा एक मेलेला भाऊ पडून आहे. त्याच्या पोटात तेल होतं, पण थंडीने मधासारखं घट्ट झालेलं. ते पातळ करायला मोठी कढई हवी. लग्नकार्यात आख्खा घोडा शिजतो अशा कढया गावात तीन. दोन घरांतून उत्तर आलं, "वेड लागलंय काय? मग त्यात मांस कसं शिजवायचं?" तिसरी कढई बूरुलचाची होती. ती स्वतःच ढकलगाडीवर घालून, बर्फातून ओढत घेऊन आली.

कढईखाली जाळ घालताना तिने विचारलं, "तेल कमी झाल्याचं आधी कळत नाही का रे?"

"कळतं, अपा."

"कशावरून?"

तेंतिमिशने नुसतं माझ्या डाव्या खांद्याकडे बघून खाली बघितलं. बूरुलचाने त्या निळ्या पट्टीकडे पाहिलं.

"ती मी रंगवली."

"ठाऊक आहे."

"मग मला का नाही सांगितलंस, मेल्या?"

"तुम्हीच शिकवलंत ना, तक्रार असेल तर लेखी द्यावी. तीन दिल्या."

जोडतार बसवायचा बोल्ट बोटाच्या पेरापेक्षा लहान. हातमोज्यातून तो लागेना. तेंतिमिशने उजव्या हाताचा मोजा काढला. त्या थंडीत उघडं बोट लोखंडाला चिकटतं. चिकटलं. त्याने बोल्ट पूर्ण फिरवला आणि मगच हात ओढला. माझ्यावर त्याची थोडी कातडी राहिली. ती अजून आहे, आतल्या बाजूला, जिथे कुणी रंग दिलेला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा घुमायला लागलो. गावात आरोळी उठली. तेंतिमिशला त्याच वेळी दवाखान्यात नेत होते. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कापावी लागली.

आठवड्याने जिल्ह्याहून चौकशीला एक इन्स्पेक्टर आला. सभा अल्मासबेकच्या खोलीत भरली, कारण तीच गरम. बेचाळीस माणसं त्या हीटरभोवती मेंढरांसारखी दाटून उभी राहिली. इन्स्पेक्टरला मान म्हणून अगदी हीटरला पाठ लावून बसवलं. मी सगळं ऐकत होतो. दिवा माझा, हीटर माझा, हीटरातलं तेलही माझंच.

"फॉर्मवर दोषीचं नाव लागतं," इन्स्पेक्टर म्हणाला. "एकच ओळ आहे. रिकामी ठेवली तर फॉर्म परत येतो."

अल्मासबेक उठला. आवाज इतका मऊ की लोणी लाजावं. "बोलवत नाही, पण तेल बघणं हे वायरमनचं काम. तेंतिमिश बायके आमचे वडीलधारे. सात महिन्यांनी पेन्शनला निघायचे. पण नियम तो नियम. दोषी ठरले तर पेन्शन बुडेल, याचं सगळ्यांत जास्त दुःख मला आहे."

"मी तीन अर्ज दिले होते," तेंतिमिश म्हणाला. हाताला पांढरं बँडेज, कलिंगडाएवढं.

"कुठे आहेत?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"कपाटात होते," अल्मासबेक म्हणाला. "वीज गेली तेव्हा इथे काय जाळायचं होतं, साहेब? माणसं गारठत होती. कागद जाळले."

"नेमके माझे?"

"वरच होते, बायके."

मित्रांनो, वीज का गेली याचा पुरावा वीज गेल्यामुळे जळाला. याहून स्वच्छ काम मी पाहिलेलं नाही.

"आणि तेल कुठे गेलं?" इन्स्पेक्टर म्हणाला.

"तुमच्या पाठीमागे आहे, साहेब," तेंतिमिश म्हणाला.

इन्स्पेक्टर वळला. हीटरवर हात ठेवला. काढला. पुन्हा ठेवला.

"छान तापलाय," तो म्हणाला. "मालमत्तेच्या यादीत आहे का हा?"

"नाही," अल्मासबेक म्हणाला.

"मग तो नाही." आणि इन्स्पेक्टर पुन्हा टेकून बसला.

बेचाळीस माणसांना ठाऊक होतं. कॅन नेताना अर्ध्या गावाने पाहिलं होतं. मी वाट बघत होतो की एक तरी माणूस बोलेल. बोलू नको बाबा, निदान त्या हीटरपासून एक पाऊल मागे सरक! कुणी सरकलं नाही. बाहेर उणे तीस होतं आणि आत ऊब होती.

"काचेवर रंग कुणी दिला?" इन्स्पेक्टरने शेवटचं विचारलं.

तेंतिमिशने समोर बघितलं. एक नाव घेतलं असतं तर तो सुटत होता. "श्रमदान होतं," तो म्हणाला. "गावाने दिला."

"मग सही करा."

"उजवा हात बांधलाय, साहेब," कुणीतरी म्हणालं.

"अंगठा चालेल," अल्मासबेक म्हणाला. "अंगठा आहे ना, बायके, अजून?"

तेव्हा बूरुलचा उठली. माझ्या वेटोळ्यांतून थरथर गेली. पन्नास वर्षं गावाला खरं बोलायला शिकवणारी बाई. आता ती म्हणेल, 'रंग मी दिला, द्यायला लावला याने, आणि तेल नेलं तेही यानेच.'

"माझं एक म्हणणं आहे," ती म्हणाली. तिचा आवाज वर्गात असायचा तसा नव्हता. "ट्रान्सफॉर्मरचंच नाव लिहा. त्याला बायकापोरं नाहीत. पेन्शन नाही. त्याला काय फरक पडतो?"

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

"त्याला नंबर आहे का?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"आहे, चारशे सतरा."

"मग चालेल. मतदान घ्या."

पहिला हात अल्मासबेकचा. मग सगळे. बूरुलचाचा सगळ्यांत शेवटी, खांद्यापर्यंतच. तेंतिमिशने हात वर केला नाही. इन्स्पेक्टरने फॉर्मवर लिहिलं, 'एका सदस्याच्या हाताला दुखापत असल्याने त्याची संमती गृहीत धरली आहे.'

चोर सोडून संन्याशाला सुळी, असं तुम्ही म्हणाल. मी संन्यासीही नाही, मित्रांनो. संन्याशाला निदान शाप देता येतो.

तेंतिमिशची नोकरी वाचली, हे खरं. त्यासाठी मी दोषाचा दगड आनंदाने उचलला असता, कुणी आधी विचारलं असतं तर. पण माझ्या नावाआड अल्मासबेकही सुटला, ड्रायव्हरही सुटला, अकरा वर्षं विचार करणारा जिल्हाही सुटला. हीटर अजून चालू आहे. पन्नास वर्षांपूर्वी एकाने माझ्या वतीने डोकं खाल्लं, आता एक्केचाळीस जणांनी सुटकेचा घास खाल्ला.

मला शिक्षा झाली ती अशी: 'तात्काळ सेवेतून काढून टाकण्यात यावं.' पण माझ्या जागी लावायला दुसरा ट्रान्सफॉर्मर नाही, म्हणून पर्यायी व्यवस्था होईपर्यंत शिक्षा स्थगित. तोवर दोषीने नेहमीप्रमाणे काम करावं. मी करतोय.

वसंतात तो वार्षिक अहवाल आला. अल्मासबेकने कळवल्याप्रमाणे सारी-कोंगुरचा वीजपुरवठा वर्षभर अखंड होता. तेंतिमिशने बोटांच्या भरपाईसाठी अर्ज केला होता, तो परत आला. त्यावर शेरा होता: 'ज्या दिवशी बिघाडच झाला नाही त्या दिवशी दुरुस्ती संभवत नाही, व दुरुस्तीत झालेली दुखापतही संभवत नाही.' तेंतिमिशने तो कागद मला वाचून दाखवला. मग डाव्या हाताने माझी कूस चाचपली आणि म्हणाला, "तू न झालेल्या गुन्ह्याचा गुन्हेगार, मी न तुटलेल्या बोटांचा मालक. जमलंय आपलं, म्हाताऱ्या." तो हसला. मला हसता आलं नाही. मी घुमलो, पण ते हसणं नव्हतं.

बूरुलचाही येते. एकदा हातात नाणं घेऊन आली होती. डाव्या खांद्यापर्यंत हात नेला. मग रस्त्याकडे पाहिलं, कचेरीच्या खिडकीकडे पाहिलं, दारावरच्या हुकुमाकडे पाहिलं, आणि नाणं माझ्या माथ्यावर ठेवून निघून गेली. तिच्या कढईत आता कुणी मांस शिजवत नाही. तिने ती माझ्या ओट्याखाली उपडी घालून ठेवली आहे. पुढच्या वेळी लागेल म्हणून.

मित्रांनो, थंडी दोषी नसते. ती दरवर्षी येते आणि येण्याआधी चाळीस दिवसांचं नावही सांगते. तुम्ही मोठे झालात आणि कुठे काच रंगवताना दिसली, तर हातातला ब्रश आधी खाली ठेवा. तेवढं जमलं नाही तरी हीटरपासून एक पाऊल मागे सरका. या गावात ते अजून कुणाला जमलेलं नाही. या उन्हाळ्यात साहेब पुन्हा येणार आहेत, आणि निळ्या रंगाचे चौदा डबे आले आहेत. म्हणून मीही, बूरुलचा अपांनी शिकवल्याप्रमाणे, लेखी देतो.

प्रति, जिल्हा वीजपुरवठा विभाग.
विषय: काच.

महोदय,
अर्जदार क्रमांक ४१७ (दोषी, शिक्षा स्थगित) विनंती करतो की, येत्या चिल्देपूर्वी अर्जदाराच्या डाव्या खांद्यावरील दोन बोटं रुंद काचेवरचा शासकीय रंग खरवडण्याची परवानगी मिळावी. लागणारं साहित्य: नाणं, एक. लागणारा वेळ: अर्धं मिनिट. नाणं अर्जदाराच्या माथ्यावर आधीच ठेवलेलं असल्याने शासनावर कोणताही बोजा पडणार नाही. यादीत नसलेल्या हीटरमधलं साठ लिटर तेल, ते अस्तित्वात नसल्यामुळे, परत केलं तरी कुणाचं काही कमी होणार नाही. खरवडण्याचं काम वायरमन तेंतिमिश यांना डाव्या हाताने करू द्यावं. मेंढीच्या डोक्याबाबत अर्जदाराची तक्रार नाही.

हा अर्ज कपाटात सगळ्यांत खाली ठेवावा, ही नम्र विनंती.

उत्तर येईपर्यंत वीज चालू ठेवत आहे.